गिरण्या युनियननी बुडवल्या म्हणे!

भोंगा (धागाकर्ता)

परवा इथंच एका सदस्याने लिहिलं, "मुंबईच्या गिरण्या दत्ता सामंतांनी बुडवल्या. लेबर कोड (केंद्राचे नवे कामगार कायदे) आले ते बरं झालं, युनियनवाल्यांची दुकानं बंद होतील आणि रोजगार वाढेल." खाली लाइकचा पाऊस. तिथं चार ओळी लिहायला गेलो, त्या आवरेनात, म्हणून हा वेगळा धागा.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. त्याआधी सात वर्षं बदली कामगार. रोज गेटवर उभं राहायचं, जॉबरने (मुकादमाने) बोट दाखवलं तर आत, नाही तर खोलीवर परत. १९८२ च्या संपाआधी त्यांच्या खात्यात पगारवाढीइतकाच राग होता तो राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनवर. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध (बीआयआर) कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन. ती कामगारांना नको असली तरी करार तीच करणार, सही तिचीच. लोक सामंतांच्या दारात गेले, सामंत लोकांच्या दारात आले नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणूस बाहेर पडला. एवढ्यांना एका माणसाने फूस लावली असं म्हणायचं, तर आमच्या सगळ्यांच्या बापांना बिनडोक ठरवावं लागतं. सरकार मात्र मान्यताप्राप्त युनियन सोडून बोलायलाच तयार नव्हतं. तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही.

धंदा बुडाला, जमीन कुठे बुडाली? सहाशे एकर होती. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे होते: पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१ मध्ये 'मोकळी जमीन' या दोन शब्दांचा अर्थ बदलला आणि पहिले दोन वाटे आटले. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्का मारला. युनियननी बुडवलेल्या धंद्यातून एवढा पैसा निघत असेल, तर असा एखादा बुडीत धंदा मलाही मिळावा.

आणि ज्या कोडचे गोडवे गाताय, त्यात पुन्हा तेच. मस्टरवरचे ५१ टक्के ज्या युनियनकडे, तीच एकटी वाटाघाटी करणार. संपाआधी १४ दिवसांची नोटीस. निम्म्या लोकांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप.

नगद_व्यवहार

रडगाणं झालं असेल तर दुसरी बाजू. भिवंडीचे यंत्रमाग संपाआधीपासून स्वस्तात कापड काढत होते. गिरण्या आजारीच होत्या, त्यांना दीड-दोन वर्षं बंद ठेवणं म्हणजे आयसीयूतल्या पेशंटची नळी काढणं. ती कुणी काढली?

माझं भोसरीला छोटं युनिट आहे. २००९ साली एक बाहेरचा पुढारी गेटवर झेंडा लावून गेला. मागणीपत्रात 'कँटीन सुरू करा' असं कलम. आमच्याकडे कँटीन होतंच! दुसऱ्या कुठल्या कंपनीचं मागणीपत्र नाव बदलून दिलेलं. ४७ दिवस काम बंद. शेवटी पुढाऱ्याची वेगळी 'व्यवस्था' करावी लागली, दुसऱ्या दिवशी मशीन सुरू. कामगारांच्या हाती काय पडलं? काही नाही. तेव्हापासून मी ९२ कामगारांवर थांबलो. शंभर झाले की कपातीच्या परवानगीसाठी सरकारच्या दारात उभं राहावं लागायचं, कोणी सांगितलं होतं? बाकीचे ५० ठेकेदाराकडून घेतो.

आणि हो, 'रविवारची सुट्टी कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिली' हे पुराण कृपया नको. १८९० ची पुण्याई किती दिवस पुरवणार?

आकडेमोड

देशाच्या उत्पन्नात वरच्या १ टक्का लोकांचा वाटा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शतकातला नीचांक. २०२२-२३ मध्ये तोच २२.६ टक्के. संपत्तीत ४०.१. दुसरीकडे संघटित कारखान्यांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास कामगार आता कंत्राटी आहेत. गिरणगाव मोडलं आणि वरच्यांचा आलेख चढायला लागला, हे एकाच काळात झालं.

नगद_व्यवहार

एकाच काळात तर केबल टीव्हीपण आला. त्या नीचांकाच्या काळात टेलिफोनसाठी आणि स्कूटरसाठी किती वर्षं थांबावं लागायचं ते विचारा घरातल्या म्हाताऱ्यांना. सगळे सारखेच गरीब, म्हणून वाटा कमी!

आकडेमोड

एकट्या युनियनमुळे झालं असं मी लिहिलेलं नाही. करकपात, परवाना राज संपणं, शेअर बाजार, सगळंच आहे त्यात. पण पगार ठरवताना टेबलाच्या एका बाजूला कुणीच बसलेलं नसेल तर काय होतं, ते कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

सातासमुद्रापार

इकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रेगनने १९८१ मध्ये संपावरचे ११ हजारांहून जास्त हवाई वाहतूक नियंत्रक घरी बसवले. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी त्या युनियनने निवडणुकीत रेगनलाच पाठिंबा दिला होता, आणि रेगन स्वतः नटांच्या युनियनचा माजी अध्यक्ष. १९८३ मध्ये पाचात एक कामगार युनियनमध्ये होता, आता दहात एक. बाकी चालू द्या.

वाट_पाहीन

सगळं ठीक, पण संप म्हणजे मालक विरुद्ध कामगार एवढंच चित्र रंगवू नका. तिसरा माणूसही असतो. २०२१ चा एसटीचा संप. वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तालुका ३२ किलोमीटर. वडापवाल्याने तिप्पट भाडं लावलं, तेही गाडी भरेपर्यंत थांबायचं, आणि डायलिसिस झालेल्या माणसाला मागच्या फळीवर बसवायचं. पाच महिने. मालक तर सरकार होतं, त्याचं काय गेलं? मंत्री काय एसटीने जातात?

कंडक्टरचा_पोरगा

ताई, तुमचं दुःख मोठं आहे, पण बोट चुकीच्या माणसावर रोखताय. माझ्या वडिलांची २६ वर्षं एसटीत गेली. पगार दर महिन्याला पुढे सरकायचा. दिवाळीत उसनवारी. आत्महत्या झाल्या त्या पेपरात चौथ्या पानावर. मुक्कामी गाडीवर असले की डास मारत गाडीतच झोपायचं. नोव्हेंबरात वाढ जाहीर झाली, नव्यांना मूळ पगारात ५ हजार आणि वीस वर्षांच्या वर झालेल्यांना अडीच हजार! आणि लोकांनी म्हणायचं, एवढं दिलं तरी माजलेत.

वाट_पाहीन

मुक्कामी गाडीचं मला सांगू नका. आमच्या गावातच मुक्काम असायचा. आई त्या दोघांना भाकरी-कालवण द्यायची, पावसाळ्यात पडवीत अंथरूण. तीच माणसं पाच महिने फिरकली नाहीत. एक फोन नाही.

कंडक्टरचा_पोरगा

फोन करून काय सांगणार होते? 'उपाशी आहोत' म्हणून? निलंबनाची नोटीस दारावर चिकटवलेली होती आमच्या. तुम्हाला भाकरीचा हिशोब आठवतो, कमाल आहे.

वाट_पाहीन

हिशोब नाही काढला मी. तोंड सांभाळा.

नगद_व्यवहार

बघा, कामगारांच्या पोरांमध्येच जुंपली. आणि मिळालं काय शेवटी? एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण मागत होते, ते नाही. सरकारच्या समितीने नाही म्हटलं, हायकोर्टाने २२ एप्रिलपर्यंत हजर व्हा म्हटलं, झाले हजर.

भोंगा

धागा एसटीने पळवला, हरकत नाही, रस्ता तोच आहे. तिथेही हेच झालं होतं. युनियनच्या कृती समितीने ऑक्टोबरअखेर उपोषण सोडलं, आगारांमधल्या लोकांनी ते मानलंच नाही. १९८२ सारखंच. मान्यता एकाकडे, माणसं दुसरीकडे. मग कुणीतरी बाहेरचा येतो आणि न झेपणारी मागणी गळ्यात बांधतो. नगदरावांच्या गेटवरचा पुढारी त्याच भोकातून आत आला. आतल्या पन्नास ठेकेदारी कामगारांना कुणी विचारणार नसेल, तर झेंडा बाहेरूनच येणार.

सामंतांच्या चुका मला दिसत नाहीत असं नाही. वडील स्वतः म्हणायचे, सहा महिन्यांनी काहीतरी पदरात पाडून परत फिरायला हवं होतं. पण कसं फिरणार, बोलायलाच समोर कुणी नव्हतं. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, वडिलांची त्यात नव्हती. नंतर त्यांनी घाटकोपरला वॉचमनची नोकरी केली. म्हाडाच्या घराचा अर्ज भरलाय. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं होती, अर्ज दीड लाखाच्या जवळपास. आमचा अजून फाइलीतच आहे, वडील नाहीत.

वाट_पाहीन

माझेही नाहीत. संपामुळे गेले असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण संप मिटला तरी आमची मुक्कामी गाडी परत आलीच नाही, त्याबद्दल एकाही युनियनने मोर्चा काढला नाही, एवढंच लिहायचं होतं.

कंडक्टरचा_पोरगा

ते मान्य. भाकरीचं बोललो ते चुकलं. वडिलांना दाखवलं हे, ते म्हणाले गाव कुठलं विचार.

वाट_पाहीन

इथे नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पॉपकॉर्न_मोठा

अरेरे, भांडण मिटलं? मी आत्ताच बसलो होतो.

आकडेमोड

मूळ मुद्द्याकडे येऊ का? नगदराव, परवानगीची मर्यादा २१ नोव्हेंबर २०२५ पासून १०० वरून ३०० झाली. तुमची अडचण कायद्याची होती ना? ती गेली. आता ते ५० जण कायम होणार का?

नगद_व्यवहार

इतकं सोपं असतं तर. ऑर्डर वरखाली होतात. आणि कारखान्यात दिवसाचे कामाचे तास नऊचे बारा करायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिलीच आहे, कामगाराच्या लेखी संमतीने. ज्याला जास्त कमवायचं तो कमवेल.

भोंगा

लेखी संमती! ठेकेदाराचा माणूस, ज्याला उद्या गेटवर घेतील की नाही माहीत नाही, तो 'नाही' असं लिहून देणार? माझ्या बापाने सात वर्षांत जॉबरला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. त्याचीही संमतीच होती म्हणायची. आणि तुमचे पन्नास जण मस्टरवरच नाहीत, म्हणजे ते ५१ टक्क्यांच्या मोजणीतही नाहीत.

नगद_व्यवहार

तुमच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तरी एक सांगतो, नंतर तोंडावर फेकू नका. गेल्या वर्षी ठेकेदाराने चार महिने लोकांचा पीएफ भरलाच नव्हता. मला कळलं ते योगायोगाने, एका पोराच्या बहिणीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेला तेव्हा. आत युनियन असती तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. हे मान्य. आतली युनियन, झेंडेवाली नव्हे.

भोंगा

मग भरला कुणी?

नगद_व्यवहार

मी भरला. ठेकेदाराच्या बिलातून वळता केला. झालं समाधान?

आकडेमोड

आणि ते ५० जण?

नगद_व्यवहार

मार्चनंतर बघू.

भोंगा

कुठल्या सालच्या?