किर्लोस्कर कंपनी मूळची बेळगावची, मग इथनं गेली का?

खानापूरकर_७७
नमस्कार मंडळी, किर्लोस्कर रोडवरनं रोज येजा असते पण त्या नावामागचा पूर्ण इतिहास काय माहीत नाही. पंपवाले किर्लोस्कर तेच काय? आणि कारखाना इथं होता तर सांगली साईडला कसा काय गेला? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा की.

टिळकवाडी_जुना
होय, तेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले ते आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला, १८६९ साली. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करपण तिथलेच. लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआय ह्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवायचे, प्रमोशन त्यांच्या हक्काचं होतं पण भारतीय माणूस म्हणून डावललं, मग नोकरी सोडून सरळ बेळगाव गाठलं. इथं थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर आधीपासनं सायकलचं दुकान होतं, १८८८ चं, तिथनंच किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव. सायकली विकायच्या, रिपेरी करायची, त्यातनं हळूहळू कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर, साधारण १९०३ च्या सुमाराला. नांगर तयार झाला पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीत विष पसरतं असं लोक म्हणायचे, पहिले सहा नांगर खपायलाच दोन वर्षं गेली ओ! तरी माणूस मागं हटला नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

आता गेले का म्हणाल तर, म्युनिसिपालटीला गावाची वस्ती वाढवायला ती जागा हवी होती, कारखाना हलवा म्हणून सांगितलं. तेव्हा औंध संस्थानचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले, लक्ष्मणरावांनी औंधला त्यांच्या देवळाच्या सभामंडपाचं काम केलेलं, ओळख होती. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि वर १०,००० रुपये बिनव्याजी. १९१० ला सगळं बिऱ्हाड तिकडं. नुसतं निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर कारखाना, कामगारांची घरं, सगळं उभं केलं, तीच किर्लोस्करवाडी. जे आपल्या गावाला जमलं नाही ते एका छोट्या संस्थानानं केलं, अजून वाईट वाटतं मला.

उद्यमबाग_फौंड्रीवाला
काकांनी छान लिहिलंय. एक कामातली गोष्ट सांगतो, नांगराचा फाळ ओतणं दिसतं तेवढं सोपं नाही. बिडाचं (ओतीव लोखंडाचं) टोक मऊ राहिलं तर दोन दिवसात झिजतंय, अख्खा फाळ कडक केला तर दगडाला लागून तुकडा पडतोय. म्हणून कडक व्हायला पाहिजे तिथंच साच्यात लोखंडी तुकडा बसवतात, बीड तिथं पटकन थंड होऊन पांढरं आणि कडक होतं, बाकीचं वाळूत सावकाश थंड होतं. आज आमच्या भट्टीला धातूत काय किती आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रोमीटर आहे तरी एखादा हीट (भट्टीतला एक घाणा) बिघडतो, आणि ते लोक त्या काळात ओततेत म्हणजे विचार करा. लोखंडकाम म्हटलं की मला आजही तेच आठवतात.

खानापूरकर_७७
खूप आभार दोघांचेपण 🙏 हरिहरचं मैसूर किर्लोस्कर पण ह्यांचंच काय? आमच्या चुलत्यांकडं त्यांचा लेथ आहे, अजून चालतोय.

टिळकवाडी_जुना
त्यांचंच. १९४१ चं, लेथसाठी काढलं, आता बंद पडलं. मूळची किर्लोस्कर ब्रदर्स कंपनी लिमिटेड झाली १९२० ला, त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी मासिक काढलं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून १९२६ ला परत आले. १९४६ ला पुण्यात ऑईल इंजिन आणि बेंगळूरला इलेक्ट्रिक मोटरी (यंत्रं फिरवायच्या), एकाच वर्षी दोन कंपन्या. आपल्या भागात विहिरीवर जी डिझेल इंजिनं फटफटायची त्यातली किती तरी ह्याच नावाची.

बघायचं असेल तर मिरजेवरनं पुण्याची गाडी धरा, सांगली सोडल्यावर किर्लोस्करवाडी स्टेशन लागतंय, पूर्वीचं कुंडल रोड.