आपत्कालीन विभागात आभा क्रमांकाची सक्ती नको

तापीकाठ, शिरपूर
सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात आभा क्रमांकाशिवाय, म्हणजे रुग्णाच्या आरोग्यनोंदी जोडणाऱ्या डिजिटल ओळख क्रमांकाशिवाय, केस पेपर काढूच नये, म्हणजे लोकांना शिस्त लागेल, असे काल येथे एका सदस्यांनी लिहिले. ते वाचून मी अस्वस्थ झालो. आभा मुळातच ऐच्छिक आहे. धडगाव किंवा मोलगीकडून बेशुद्ध माणूस आणला जातो, तेव्हा त्याच्या आधारला जोडलेला मोबाइल बहुधा ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. मग ओटीपी कोणी सांगायचा? जीव वाचवणे हे कोणत्याही औपचारिकतेच्या आधी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच बजावले आहे. शिवाय जिवावर बेतलेल्या प्रसंगी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात आहे. मग सक्ती हवी कशाला?

सातपुडा पायथा, शहादा
ते लिहिणारा मीच. माझ्या मावसबहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रात्री तिचे अंग असह्य दुखू लागले, तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आधी पित्ताचे इंजेक्शन दिले, कारण तपासणीचे कागद घरी राहिले होते आणि घाबरलेल्या माणसांना आजाराचे नाव सांगता येत नव्हते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ पासून चालू आहे, तपासण्या होतात, पण ती नोंद कॅज्युअल्टीच्या टेबलावर दिसत नसेल तर तिचा उपयोग काय? कायद्याची कलमे शिरपुरात बसून सांगणे सोपे आहे.

परिचारिका, धुळे
दोघेही काम करणाऱ्या हातांविषयी बोलत नाहीत. एकाच रुग्णाची माहिती आम्ही केस पेपरवर, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणांच्या) रजिस्टरमध्ये आणि पुन्हा संगणकात लिहितो. मी पूर्वी जेथे होते तेथे तिन्ही पाळ्यांना मिळून एकच लॉगिन होते आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असे, त्यामुळे कोणाची नोंद कोणी उघडली हे कधीच कळले नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या संस्थेला कित्येक दिवस हाताने काम करावे लागले. कागद बंद करा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गिरणाकाठ, चाळीसगाव
संगणकाचे राहू द्या, व्हॉट्सॲपचे काय? माझ्या पुतण्याने फवारणीचे औषध घेतले होते. त्याच्या केस पेपरचा फोटो गावाच्या ग्रुपवर आम्ही घरच्यांना कळवण्याआधी पोहोचला. तो वाचला, पण पुढे त्याची सोयरीक मोडली. हा फोटो कोणी काढला, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

वैद्यकीय अधिकारी, नंदुरबार जिल्हा
झाले ते निंद्यच. पण ग्रामीण रुग्णालयात हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण समोर असताना ईसीजीचा फोटो जिल्ह्याच्या फिजिशियनना पाठवूनच आम्ही उपचार ठरवतो. सरसकट बंदी मागणाऱ्यांनी एक रात्र आमच्या जागी काढावी.

गिरणाकाठ, चाळीसगाव
बंदी मी मागितलीच नाही, डॉक्टरसाहेब, माझ्या तोंडी शब्द घालू नका. ईसीजीवर नाव आणि गाव कशाला हवे? तुमच्या फोनमधले जुने फोटो कोण पुसतो? आमच्या घरात जे झाले ते तुमच्या घरात झाले असते, तर तुम्ही असेच बोलला असता का?

वैद्यकीय अधिकारी, नंदुरबार जिल्हा
नाव झाकून पाठवता येईल, हे मान्य. जुने फोटो पुसण्याचा नियम आमच्याकडे नाही, हेही मान्य. पण त्यासाठी सुरक्षित व्यवस्था देणे हे शासनाचे काम आहे. माझा फोन मी स्वतःच्या पैशाने घेतला आहे.

तापीकाठ, शिरपूर
शहाद्याच्या भाऊंचे एवढे मी मानतो की सिकलसेल, रक्तगट आणि औषधांची ॲलर्जी ही माहिती तातडीच्या वेळी ओटीपीशिवाय उघडता आली पाहिजे. मात्र प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असावे आणि नोंद कोणी, केव्हा, कशासाठी उघडली हे रुग्णाला नंतर मागता यावे.

सातपुडा पायथा, शहादा
तेवढे होणार असेल तर सक्तीचा आग्रह मी धरत नाही. पण आश्रमशाळांत आणि पाड्यांवर आधीच आभा काढून सिकलसेलची नोंद जोडून घेतली नाही, तर ओटीपीशिवाय उघडायला तुमच्यापुढे काहीच नसेल.