राजकीय कल ही साधी माहिती नव्हे

"नाव-नंबर आपण सगळीकडेच देतो, राजकीय पक्षाच्या संकेतस्थळावर दिला तर काय बिघडलं?" असं काही जण म्हणतात, पण हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. दुकानाला नंबर दिला तर फार तर जाहिराती येतील. पक्षाच्या अर्जात तोच नंबर भरला की आपला राजकीय कल नोंदला जातो. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम ९ मध्ये राजकीय मताला आरोग्य आणि धर्माच्या माहितीइतकंच विशेष संरक्षण आहे, ते उगीच नाही.

अर्ज न भरताही, पानावर एखाद्या समाजमाध्यमाचा ट्रॅकिंग पिक्सेल (भेटींची नोंद ठेवणारा, डोळ्यांना न दिसणारा छोटा कोड) असेल तर आपली भेट त्या कंपनीला कळते. मी गोपनीयता धोरणात आधी 'संलग्न संस्थांना माहिती देऊ' अशी ओळ शोधते. दिसली, की अर्ज तिथेच बंद करते.