‘वायकिंग्ज’ संपली. आता काय बघू, काय वाचू?

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. ‘वायकिंग्ज’चे सहाही सीझन, म्हणजे ८९ भाग, अडीच महिन्यांत संपवले. खरं सांगायचं तर चौथ्यात रॅग्नार सापांच्या खड्ड्यात पडला तिथेच माझी मालिका संपली होती. पुढचं केवळ भरल्या ताटावरून उठू नये म्हणून पाहिलं.
आता प्रश्न असे की याच काळावरचं पुढे काय बघावं, आणि यातलं खरं किती? रॅग्नार, लागेर्था, रोलो, राजा एकबर्ट ही माणसं होती का? इंग्रजी वाचायची तयारी आहे, पण जाडजूड प्रबंध नको. मुलगा नववीत आहे, त्याला शेजारी बसवून बघता येईल असं काही असेल तर सोन्याहून पिवळं. तो खोलीत आला की माझी रिमोट शोधायची धावपळ व्हायची.

शेंगदाणा
‘द लास्ट किंगडम’. डोळे झाकून. ४६ भाग आणि २०२३ मध्ये आलेला शेवटचा चित्रपट.
इथे कॅमेरा पलीकडच्या काठावर आहे, इंग्लंडातल्या सॅक्सनांच्या. नायक उट्रेड कादंबरीतला, पण खरी मजा वेसेक्स या सॅक्सन राज्याच्या राजा आल्फ्रेडची. ८७८ च्या सुरुवातीला डेन लोकांनी त्याला पार सॉमरसेटच्या दलदलीत पिटाळलं होतं. त्याच वर्षी त्याने एडिंग्टनला त्यांचा म्होरक्या गुथ्रुमला हरवलं, आणि मारलं नाही, तर बाप्तिस्मा देऊन आपला धर्मपुत्र केलं! नवीन नाव ठेवलं ॲथेलस्टन. मालिकेतला आल्फ्रेड सारखा पोट धरून बसलेला दिसतो तेही पदरचं नाही. लग्नाच्या मेजवानीतच त्याला दुखणं जडलं असं त्याच्या दरबारातल्या ॲसरने ८९३ मध्ये लिहून ठेवलंय. किडकिडीत, देवभोळा, कमालीचा चिवट. तलवारबहाद्दर उट्रेडपेक्षा मला तोच आवडला.

वाकडी_वाट
लास्ट किंगडमला +१.
खरं किती? माणसं बरीचशी खरी, नाती आणि तारखा लेखकाच्या. लिंडिसफार्नच्या मठावरचा हल्ला ७९३ चा. एकबर्ट वेसेक्सचा खराच राजा, वारला ८३९ ला. पॅरिसवर धाड पडली ८४५ ला. तिच्या म्होरक्याचं नाव फ्रँक नोंदींत रेगिनहेरी असं येतं, आणि राजा टकल्या चार्ल्सने ७,००० पौंड चांदी मोजून त्याला वाटेला लावलं. रॅग्नारच्या कथेमागे हाच असावा असं काहींना वाटतं. रोलोला पुढे ज्याचं नॉर्मंडी झालं तो मुलूख मिळाला ९११ ला. म्हणजे मालिकेतला रोलो ७९३ ला लिंडिसफार्नवर कुऱ्हाड चालवतो आणि ११८ वर्षांनंतरच्या रोलोच्या मुलखाचा धनी होतो. भीष्माचार्यच म्हणायचे! रॅग्नारचा भाऊ वगैरे तो नव्हताच. लागेर्था भेटते ती साक्सो नावाच्या डॅनिश लेखकाच्या लॅटिन ग्रंथात, तोही साधारण १२०० च्या सुमारास लिहिलेला. आणि मालिकेतलं कॅटेगॅट हे गाव नाही हो, डेन्मार्क-स्वीडनच्या मधला समुद्र आहे. चित्रीकरण बरंचसं आयर्लंडमधल्या विकलो परगण्यातलं.

वाचायचं तर थेट आइसलंडच्या सागा वाचा. सागा म्हणजे आपल्या बखरी असं धरून चाला. चिटणिसांची बखर शिवकाळानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली, इथे अंतर दोनशे-तीनशे वर्षांचं. सांगणारा रंगून सांगतो, ऐकणाऱ्याने मीठ हाताशी ठेवावं. पण या गद्यात मधूनमधून दरबारी कवींची कवनं येतात. त्यांची बांधणी इतकी घट्ट की शब्द हलवला तर छंद मोडतो, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकली असावीत. गद्यापेक्षा इतिहासकार त्यांच्यावर जास्त विसंबतात. बखरीच्या पोटात अडकलेला पोवाडाच.

सुरुवात एगिल या आइसलंडच्या लढवय्या कवीच्या सागेने करा. सातव्या वर्षी चेंडूच्या खेळात भांडण झालं म्हणून याने पहिला खून केला. पुढे इंग्लंडच्या राजा ॲथेलस्टनकडून (हा आल्फ्रेडचा नातू, वरचा गुथ्रुम नव्हे) लढला. भाऊ लढाईत पडला तेव्हा एक भुवई वर, एक खाली करून राजासमोर तलवार गुडघ्यावर ठेवून बसला, राजाने भलंमोठं सोन्याचं कडं दिल्यावर भुवया जागेवर आल्या. यॉर्कला हाडवैरी राजा एरिकच्या तावडीत सापडला, तेव्हा एका रात्रीत त्याचीच स्तुती रचून सकाळी ऐकवली आणि डोकं वाचवलं. म्हातारपणी आंधळा झाला, तर म्हणे आइसलंडच्या लोकसभेत चांदी उधळतो, मग मारामारी ऐकत बसतो. घरच्यांनी जाऊ दिलं नाही. असा खवट, कंजूष, खुनशी कवी कुठल्याही मालिकेत नाही.

स्टॉकहोममुक्कामी
कोणी शिंगवाल्या शिरस्त्राणांचं विचारण्याआधीच सांगते, वायकिंगांनी ती लढाईत घातल्याचा काहीही पुरावा नाही. १८७६ मध्ये वाग्नरच्या संगीतिकांसाठी जे पोशाख केले, त्यांनी ही शिंगं लोकांच्या डोक्यात बसवली.
अवांतर: इकडे आलात तर इतिहास संग्रहालयात छोटी बुद्धमूर्ती बघा. तळहातावर मावेल एवढी, पद्मासनातली. १९५६ मध्ये जवळच्याच हेल्यो बेटावरच्या उत्खननात सापडली, घडलेली स्वात खोऱ्याकडे, वायकिंग काळाच्याही आधी. किती हात बदलत आली असेल! मी पहिल्यांदा गेले तेव्हा जहाजं वगैरे सोडून तिच्यासमोरच उभी राहिले होते.

शेंगदाणा
‘वायकिंग्ज: वल्हाला’ ही पुढची मालिका राहिली. तीन सीझन, काळ शंभरएक वर्षं पुढचा. करमणूक म्हणून ठीक. तारखांची बोंब इथेही आहेच, इंग्लंडमधल्या डेन लोकांच्या १००२ च्या कत्तलीत हॅरल्ड हार्ड्राडाचा (पुढे नॉर्वेचा राजा) भाऊ मरतो आणि तो सूड घ्यायला निघतो. खऱ्या हॅरल्डचा जन्मच १०१५ च्या सुमाराचा. पण इंग्लंडच्या राणी एमासाठी बघा. दोन राजांची राणी, दोन राजांची आई. तिने स्वतःवर ग्रंथ लिहवून घेतला, त्यात पहिल्या नवऱ्याचा नवरा म्हणून कुठेही उल्लेख नाही! बाईवर स्वतंत्र मालिका हवी होती.

वाकडी_वाट
‘द नॉर्थमन’ (२०२२) पण बघा, मात्र मुलगा झोपल्यावर. त्यातला आमलेथ त्याच साक्सोच्या ग्रंथातला. तोच पुढे शेक्सपिअरचा हॅम्लेट झाला, आणि आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून १८८३ मध्ये मराठीत आला. म्हणजे एक डॅनिश राजपुत्र आपल्याकडे कधीचाच येऊन बसलाय.

दुपारचा_चहा
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री लास्ट किंगडमचा पहिला भाग. एगिलची सागा काल उघडली, ती चिरंजीवांनी पळवली. सात वर्षांच्या पोराने खून केला तिथपर्यंत वाचून झालंय, आणि ‘हे आम्हाला अभ्यासाला का नाही’ असं विचारतोय.

स्टॉकहोममुक्कामी
क्रिकेटला पाठवू नका आठवडाभर.