एकाच उतारावर वर बरडी, खाली कन्हार: असं कसं?

बांधीवाला (आमगाव, गोंदिया)
टेकडीच्या पायथ्यापासून बोडीपर्यंत, म्हणजे लहान तलावापर्यंत, आमची शेती उतरत जाते. वरच्या बांध्यांत (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांत) लाल बरडी, वीतभर खणलं की मुरूम. मधे पिवळट सिहार, मग मोरांड, आणि बोडीलगत काळी कन्हार. काळी माती बेसॉल्टची, असं शाळेत शिकलो. इथं तर प्रत्येक विहिरीत ग्रॅनाइटच लागतो. कन्हार पुरानं आणली म्हणावं, तर जवळ मोठा नालाही नाही.

तळखडक
भाऊ, पूर शोधू नका, पाणी कुठून कुठं मुरतं ते बघा. ग्रॅनाइटच्या भेगांत पाणी शिरलं की काळा अभ्रक फुगतो, दगड भुसभुशीत होतो. तोच तुमचा मुरूम. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते, गार (क्वार्ट्झ) मात्र तशीच उरते. म्हणून बरडी चोळली की बोटांना खरखर लागते.

माथ्यावर निचरा जोरात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन जातात. लोखंड गंजून माती लाल करतं. बारीक माती दर पावसाळ्यात खाली सरकते, त्यामुळे वर थर कधी जाड होतच नाही. धुतलेलं सगळं बोडीकडे येऊन अडकतं. तिथं त्यातूनच फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी चिकणमाती तयार होते. बेसॉल्टवर ती सहज होते, पण तिला बेसॉल्टच लागतो असं नाही.

बांधीवाला
म्हणजे कन्हारीत गारेचे खडे सापडले तर ती ग्रॅनाइटचीच?

मोंढा_नांदेड
नुसत्या खड्यांवर जाऊ नका, ते वरून वाहूनही येतात. विहिरीच्या कडेला बघा, काळी माती हळूहळू खालच्या मुरमात मिसळते की मधे वाळू-गोट्यांचा थर आहे. थर असेल तर वाहून आलेली. बाकी हैदराबादकडेही हेच चित्र: उंचावर लाल चलका माती, खोलगटात काळी रेगडी, खाली ग्रॅनाइट.

बांधीवाला
बघतो जी. बोडीचा गाळ वर बरडीत टाकला तर भारी (उशिरा पिकणारं) धान निघेल का?

तळखडक
गाळ जरूर टाका, ओल जास्त टिकेल. पण खालचा मुरूम पाणी पितच राहणार. वर हलकं (लवकर पिकणारं) धानच बरं. भारी धान कन्हारीत, आणि कापणीच्या आधी त्यातच लाखोळी (लाखेच्या डाळीचं बी) फेका. पायथ्याशी एखादा तुकडा सुकल्यावर दगडासारखा होत असेल, पाणी वर साचून गढूळच राहत असेल, तर गाळाआधी त्याची माती तपासून घ्या. फेल्डस्पारमधलं सोडियम तिथं साठतं, आणि मग जिप्समशिवाय भागत नाही.