काट्यावरचं वजन स्क्रीनवर अडकतं: सिरियल कार्ड आणि लॅन एकाच आयआरक्यूवर

काटा_सांगली
मार्केट यार्डाजवळ आमचा वजनकाटा आहे, सध्या हळदीच्या गाड्यांची रांग लागलेली असते. इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या डब्याची) वायर पीसीआय स्लॉटात बसवलेल्या सिरियल कार्डात येते, वेग सेकंदाला ९६०० बिट, मशीनवर विंडोज ७. ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर बॅकअप सुरू झाला की स्क्रीनवरचं वजन जागीच थांबतं, नाहीतर मधलाच एखादा आकडा गायब. इंडिकेटरवर मात्र बरोबर. शेतकरी काचेतून दोन्ही आकडे बघतो आणि मग आमच्याकडे बघतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिरियल कार्ड, लॅन आणि एक यूएसबी कंट्रोलर तिघंही आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) १६ वर दिसतात. नंबर बदलायला गेलो तर बटण फिकट, दाबताच येत नाही. काय करू?

विटेकर_पीसी
फॉरमॅट मारा, सगळं ताजं होईल.

जुना_बोर्ड
हळदीच्या हंगामात काट्याचं मशीन फॉरमॅट करायला सांगणाऱ्याला आधी त्या रांगेत उभं करा.

काटावाले दादा, भलतीच अक्षरं येत असती तर वायर, अर्थिंग नाहीतर वेगाची सेटिंग बघा म्हटलं असतं. तुमची अक्षरं गायब होतायत, तीही लॅन धावताना, म्हणजे तुमचा संशय योग्य जागी आहे.

पण १६ वर तिघं दिसले म्हणजे बिघाडच असं नव्हे. पीसीआयमध्ये लाइन वाटून घ्यायची सोयच आहे. वाड्याला बेल एक आणि आत बिऱ्हाडं तीन. बेल वाजली की विंडोज एकेका ड्रायव्हरला विचारतं, तुझं काम का? नाही म्हणाला की पुढच्याला. त्यातला एखादा रेंगाळला की बाकीचे ताटकळले.

आता हिशेब बघा की. अक्षराला दहा बिट धरले तर ९६०० ला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं, म्हणजे अक्षराला जेमतेम एक मिलिसेकंद. सिरियल कार्डावरच्या १६५५० जातीच्या चिपमध्ये १६ अक्षरं मावतात, त्या साठ्याला फिफो म्हणतात. विंडोजची सेटिंग बहुतेक वेळा १४ वर असते, तेवढी जमल्यावर चिप हाक मारते. उरली जागा दोनची, उसंत दोन मिलिसेकंदांची. म्हणून पोर्ट सेटिंग्जमधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा, फिफोची खूण आहे ना ते बघा आणि रिसीव्ह बफरची पट्टी ४ वर ओढा. काही कार्डांचा ड्रायव्हर हे पानच दाखवत नाही, तसं असेल तर सोडून द्या.

खरा इलाज स्लॉटचा. पीसीआयला ए ते डी अशा चार लाइन, आणि बोर्डावर त्या प्रत्येक स्लॉटला फिरवून जोडलेल्या असतात, म्हणून स्लॉट बदलला की बहुतेक वेळा नंबरही बदलतो. लॅन बोर्डावरच असेल तर ते हलणार नाही, हलवायचं ते कार्ड. मशीन बंद करून पॉवरची वायर काढूनच बरं का! नंतर कॉम नंबर (सिरियल पोर्टचा नंबर) बदललेला असू शकतो, काट्याच्या सॉफ्टवेअरमध्येही बदला. फिकट बटणाशी झटू नका, एसीपीआयच्या (बायोसऐवजी विंडोजकडे हार्डवेअरचा कारभार देणाऱ्या पद्धतीच्या) मशीनवर नंबर विंडोजच वाटतं. लॅनचा ड्रायव्हर जुना असेल तर तोही नवा टाका, माझा संशय त्याच्यावरच जास्त आहे.

पलूस_नेट
एवढं कशाला? यूएसबी टू सिरियल केबल घ्या, तिला वेगळा आयआरक्यू लागत नाही.

जुना_बोर्ड
बरोबर, ती यूएसबी कंट्रोलरच्या आयआरक्यूवर चालते. यांचा कंट्रोलर कितीवर आहे ते वर वाचलं का?

काटा_सांगली
बफर ४ वर केला तर अडकणं कमी झालं, पण बॅकअप जोरात असला की एखादं वजन जायचंच. काल रात्री कार्ड खालच्या स्लॉटमध्ये टाकलं. आता ते १९ वर एकटंच आहे. कॉम ३ चा कॉम ५ झाला होता, सॉफ्टवेअरमध्ये बदलला. बॅकअप चालू ठेवून आज सकाळी भरलेला ट्रॅक्टर चढवला, दोन्हीकडे आकडा सारखा. लॅनचा ड्रायव्हर अजून टाकला नाही, रविवारी यार्ड बंद असताना टाकतो.

एकजण म्हणाला, बायोसमध्ये पॅरलल पोर्टही बंद करा, तेवढाच एक आयआरक्यू मोकळा होईल. पण पावतीचा डॉट मॅट्रिक्स त्याच्यावरच आहे.

जुना_बोर्ड
मग त्याला हात लावू नका. एलपीटी १, म्हणजे तो पॅरलल पोर्ट, सहसा ७ वर असतो, तुमच्या १६ च्या भानगडीत तो नाहीच.