डिसेंबरात सिसिली: आई-बाबांना घेऊन जावं का?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. मी नोकरीनिमित्त म्युनिकला असते. आई-बाबा डिसेंबरात पुण्याहून येताहेत. इथल्या बर्फात त्यांना घरात कोंडून ठेवण्यापेक्षा इटलीच्या सिसिली बेटावर न्यावं म्हणते. यादी अशी: पालेर्मो, चेफालू, ताओर्मिना, काटानिया, सिराकुसा आणि जमलं तर लिपारी बेट. थंडी कितपत असते? ऑफ-सीझनला सगळं बंद तर नसतं ना? आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. बाबांचे गुडघे दुखतात. गाडी चालवायची नाहीये, बस-ट्रेननेच फिरणार.

लिंबाची_फोड

मी काटानियात राहते. इथे थंडी बाहेर कमी आणि घरात जास्त, हे आधी डोक्यात घ्या. दुपारच्या उन्हात पंधरा-सोळा अंश असतं, बाबा स्वेटर काढून हातात घेतील. पण जुन्या वस्तीतली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली: उंच छत, गारढोण फरशी, आणि बाल्कनीच्या लाकडी दाराखालून वारा बिनधास्त आत. त्यात इटलीत हीटिंग कधी आणि किती वेळ लावायचं तेही हवामानाच्या पट्ट्यांप्रमाणे ठरलेलं आहे. पालेर्मो-काटानियाच्या पट्ट्याला १ डिसेंबर ते ३१ मार्च, दिवसाला ८ तास. तेही इमारतीत हीटिंग असेल तर! भाड्याच्या फ्लॅटमध्ये पुष्कळदा नुसता भिंतीवरचा एसी असतो. तो छताजवळची हवा तापवतो, पाय गारच राहतात.

तेव्हा बुकिंग करण्याआधी मालकाला तीन गोष्टी लेखी विचारा. झोपायच्या खोलीत हीटर आहे का? विजेचं बिल भाड्यात धरलंय का? लिफ्ट आहे का? "सी व्ह्यू" वगैरे सोडा, दक्षिणेकडची खिडकी मागा. जाड मोजे आणि घरात घालायच्या सपाता आणाच.

यादीतून लिपारी काढा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि हिवाळ्यात तो वरचेवर खवळतो. ताओर्मिनाही काढा, तिथली बरीच हॉटेलं या दिवसांत कुलूप लावून बसतात. चेफालूला मुक्काम नको. पालेर्मोहून ट्रेनने साधारण तासाभरावर आहे, ऊन पडेल त्या सकाळी निघा, कॅथेड्रलमधला मोझाइकचा ख्रिस्त बघा आणि परत या. मुक्काम मोठ्या शहरांतच ठेवा. पालेर्मोचा बल्लारो बाजार पर्यटकांच्या जिवावर चालत नाही, जानेवारीतही तितकाच गजबजलेला असतो.

तारखा जुळल्या तर १३ डिसेंबरला सिराकुसात असा. शहराची रक्षक संत सांता लुचिया, तिची चांदीची मूर्ती कॅथेड्रलमधून मिरवत निघते आणि २० तारखेला परत येते. गर्दी दांडगी असते, बाबांना कडेला कुठेतरी बसायची जागा आधीच धरून ठेवा.

रुळावरचा_माणूस

ताओर्मिना सरसकट काढू नका हो. मुक्काम नको हे मान्य, पण तिथलं प्राचीन नाट्यगृह हिवाळ्यातही उघडं असतं, आणि समोर बर्फ ल्यालेला एटना ज्वालामुखी. उन्हाळ्याच्या रेटारेटीत तो असा निवांत बघायला मिळत नाही. काटानियाहून बसने सकाळी जाऊन दुपारी परत. पाचच्या आत अंधार पडतो, त्या हिशेबाने निघा.

पालेर्मो ते काटानिया ट्रेनचा हट्ट नको, बस सोयीची. मात्र रविवारी आणि सणाच्या दिवशी बस कमी असतात, मुक्काम हलवायचा दिवस तो ठेवू नका. आणि जाताना नेपल्सवरून जाणार असाल तर सिसिलीची थेट इंटरसिटी घ्या. इटलीची मुख्य भूमी आणि सिसिली यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी ट्रेनचे डबे सुटे करून बोटीच्या पोटात ढकलतात आणि पलीकडे उतरवून पुन्हा जोडतात. तुमचे बाबा रेल्वेवेडे असतील तर बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल.

भाजीभाकरी

आईंच्या जेवणाचं: पालेर्मोत 'पानेल्ले' शोधा. हरभऱ्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवून, थापून, कापून तळतात आणि पावात घालून देतात. आपली पाटवडीच! गाडीवाल्याला तळणीचं मात्र विचारा, बटाट्याच्या क्रोकेत्ते आणि मासे एकाच तेलात असू शकतात. काटानियात 'पास्ता आला नोर्मा': वांगं, टोमॅटो, वरून खारवलेलं रिकोटा चीज. पास्ता अंड्याचा नाही ना, एवढं विचारून घ्या.

'आरांचीना' म्हणजे तळलेला भाताचा गोळा. 'आरांचीना अल बुर्रो' म्हणजे लोण्याचा, म्हणून भुलू नका, आत बहुतेक वेळा हॅम असतं. कानोली म्हणजे गोड रिकोटा भरलेली तळलेली नळी, तिच्या पिठात पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी घालतात. सांता लुचियाच्या दिवशी 'कुच्चीया' मिळेल, शिजवलेले गहू आणि गोड रिकोटा. संत्री तर रोज खा, लाल गराची ताजी त्याच सुमारास बाजारात यायला लागतात.

निशिगंधा

सगळ्यांचे आभार! लिपारी रद्द, ताओर्मिना एक दिवस. मालकाला हीटरचं विचारलं तर त्याने समुद्राचा फोटो पाठवला, म्हणून दुसरं घर बघतेय. आई विचारतेय, पुण्याहून तूप आणि मेतकूट आणू का?

लिंबाची_फोड

मेतकूट आणा, तूप नको. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. लोणी म्युनिकलाच कढवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यातून चेक-इनच्या बॅगेत टाका.